विमानाच्या पंख्यावरचं फडकं

बाईंचं खरं नाव फक्त त्यांच्या लायसन्सवर होतं. फ्लाइंग क्लबात त्या सगळ्यांच्या बाई. त्यांच्या हाताखाली शिकून पुढे मोठमोठी विमानं चालवायला लागलेले लोकही फोनवर "बाई, मी बोलतोय" एवढंच म्हणत, आणि बाई आवाजावरून ओळखून विचारत, "हं, अजून उतरताना उजवीकडे कलतोस का?"

उंचीने त्या बेताच्याच. विमानात बसायला त्यांना दोन उशा लागत, एक पाठीशी आणि एक खाली. घरातल्या जुन्या पडद्यांच्या खोळी त्यांनी त्या उशांना स्वतः शिवल्या होत्या. नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी त्या फुलाफुलांच्या उशा बघून गालातल्या गालात हसायचा, आणि खाली उतरला की त्याच उशा काखेत मारून बाईंच्या मागे निमूट चालत यायचा.

बाई कधी ओरडत नसत. त्यांना फक्त एक शब्द खपत नसे, तो म्हणजे 'वाटलं'.

"चाकांत हवा बघितलीस?"

"ठीक वाटली, बाई."

"वाटली म्हणजे? बघितलीस की नाही?"

"मग उतर आणि बघून ये," असं म्हणून बाई खिडकीतून बाहेर बघत बसत. भर उन्हात दोनदोनदा खाली उतरलेले लोक पुढे आपल्या विद्यार्थ्यांना तसंच उतरवू लागले. क्लबात यावरून थट्टाही चाले. मिस्त्री, म्हणजे विमानांच्या इंजिनांची देखभाल करणारा माणूस, बाईंच्याच बरोबरीने क्लबात केस पांढरे केलेला. तो चहाचा कप पुढे करताना हमखास म्हणे, "बाई, साखर घातलीय. स्वतः बघितलीय, वाटलेली नाही."

क्लबचं एक विमान फार जुनं होतं. लहान विमानाच्या इंधनाच्या टाक्या दोन्ही बाजूंच्या पंखांच्या आत असतात, आणि किती इंधन उरलंय ते दाखवायला पायलटपुढे दोन काटे असतात. या विमानातला डावा काटा कैक वर्षं अर्ध्यावर बसून होता, तर उजवा विमान नुसतं वळलं तरी नाचायला लागे. मिस्त्री म्हणे, "सासरचे पाहुणे आहेत ते. समोर बसलेले असतात, पण त्यांच्या भरवशावर काही करायचं नाही." म्हणून काठी होती. शिडी लावायची, पंखावरचं झाकण उघडायचं, खुणा केलेली लाकडी काठी टाकीत तळापर्यंत सोडायची आणि ओल कुठवर आलीय ते बघायचं.

शिवाय एक पद्धत बाईंनी स्वतः पाडली होती. संध्याकाळी शेवटी उडणाऱ्याने टाक्या भरून ठेवायच्या, आणि भरल्या की एक पिवळं फडकं विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्यावर टाकायचं. काही कारणाने भरायच्या राहिल्या तर फडकं सीटवर ठेवायचं. सकाळी येणाऱ्याला फाटकातूनच कळे. काठी मात्र तरीही घालायचीच. "फडकं म्हणजे कुणीतरी सांगितलेलं," बाई म्हणत, "आणि काठी म्हणजे आपण बघितलेलं."

बाईंचे यजमान मोठ्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान चालवत. लग्नानंतर लगेच ते एकदा विमानात बसले होते, उतरल्यावर जमिनीला हात लावून म्हणाले, "तू उड, मी वाट बघतो." आणि खरंच जन्मभर त्यांनी कुरकुर न करता वाट बघितली. त्यांना एकच खोड होती. काचेवरचा डाग त्यांना सहन होत नसे. कुणाकडे गेले आणि समोरच्याचा चष्मा मळलेला दिसला की बोलता बोलता तो त्याच्या नाकावरून काढून घ्यायचे, खिशातल्या मऊ कापडाने पुसायचे आणि परत चढवायचे. समोरच्याचं वाक्य मध्येच तुटायचं, पण पुढचं सगळं त्याला लख्ख दिसायचं.

आणि मग होत्या विहीणबाई.

लेकीच्या सासूबाई मोठ्या हॉस्पिटलातून हेडनर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. अजूनही सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. ताठ कणा, कमी बोलणं, आणि जे बोलायचं ते नेमक्या जागी टोचणारं. दोघी विहिणींनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावली होती, त्यामुळे एका खोलीत आल्या की शिस्त कुणी कुणाला लावायची हा प्रश्न पडे. लेक त्या दोघींमध्ये पार कात्रीत सापडायची.

"आमच्या विहीणबाई फोनवर सापडायच्या कशा? त्या हवेत असतात," मोठ्या सिस्टर चारचौघांत म्हणत.

"खाली आले की करतेच हो मी फोन," बाई म्हणत.

"खाली आलात की सांगा."

लेक एकदा वैतागून आईला म्हणाली, "आई, तू त्यांना एकदा वर घेऊन जाच. जमिनीवर तुमचं जमत नाही, निदान वर तरी जमेल."

बाईंनी मग दोनचारदा आमंत्रण दिलं. दर वेळी उत्तर ठरलेलं: "मला जमिनीवरच पुष्कळ कामं आहेत." पण एका रविवारी जेवणं आटोपल्यावर, हातातल्या कपाकडे बघत मोठ्या सिस्टर अचानक म्हणाल्या, "तुमच्या त्या विमानातून आमचं हॉस्पिटल दिसेल का? इतकी वर्षं आतून बघितलं. एकदा वरून कसं दिसतं ते बघावं म्हणते."

बाईंनी तो शब्द वरच्या वर झेलला. ठरलेल्या दिवशी तिघंही, म्हणजे विहिणी दोघी आणि चष्मेवाले यजमान, सकाळीच क्लबात पोचले.

आदल्या संध्याकाळी दोन विद्यार्थी अंधार पडेपर्यंत उडत होते. ते उतरले तोवर इंधनाच्या पंपाला कुलूप लागलं होतं. त्यांनी नियमाप्रमाणे फडकं सीटवर ठेवलं आणि घरी गेले. त्यांची काहीही चूक नव्हती.

बाई विहीणबाईंना घेऊन ऑफिसात गेल्या. उडण्याआधी प्रवाशाचं वजन विचारावं लागतं, आणि मोठ्या सिस्टरना ते तोंडी सांगणं पसंत नव्हतं. त्या वजनकाट्यावरच उभ्या राहिल्या. चष्मेवाले तेवढ्यात विमानापाशी गेले आणि थबकले. पुढच्या काचेवर किड्यांचे डाग, बाजूच्या खिडक्यांवर बोटांचे ठसे. आज व्याही मंडळी पहिल्यांदा वर जाणार, हॉस्पिटल बघणार, आणि ते असल्या काचेतून? त्यांनी एक बादली मिळवली. सीटवर एक पिवळं फडकं दिसलं, ते घेतलं. सगळ्या काचा आतून-बाहेरून अशा पुसल्या की काच आहे की नाही कळू नये. मग फडकं स्वच्छ धुतलं, पिळलं आणि पंख्याच्या पात्यावर नीट पसरून वाळत घातलं. बाईंना डबा द्यायला ते क्लबात येत, तेव्हा ते फडकं त्यांना नेहमी तिथेच दिसे. ते तिथे वाळायला टाकतात अशी त्यांची इतक्या वर्षांची समजूत होती.

"हे एवढंच?" विमानापाशी आल्यावर मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"एवढंच."

"आमच्या वॉर्डातली औषधांची ट्रॉली याहून मोठी होती."

पण बसल्या. पट्टा लावून घेतला. एक हात मात्र दाराच्या कडीवर होता, आणि तो तिथून हलत नव्हता. बाई विमानाभोवती फिरून चाकं, पंख, तेल सगळं रोजच्यासारखं तपासत होत्या. शिडी हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, भिंतीला टेकवलेली होती. तिकडे जायला त्या वळल्या, तेवढ्यात आतून आवाज आला.

"अजून वेळ आहे का हो? नाहीतर मी उतरते. परत कधीतरी येऊ."

बाईंनी कडीवरचा हात बघितला. शिडी बघितली. मग पंख्यावरचं पिवळं फडकं बघितलं. फडकं आहे म्हणजे टाक्या भरलेल्या आहेत. त्यांनी ते काढून हातात घेतलं. जरा ओलसर होतं. दव पडलं असेल असं त्यांना वाटलं. फडकं दाराच्या कप्प्यात कोंबून त्या आपल्या दोन उशांवर जाऊन बसल्या.

वर गेल्यावर मोठ्या सिस्टरांचा हात हळूहळू कडीवरून सुटला. हॉस्पिटल दिसलं तेव्हा त्या खिडकीला नाक लावून बसल्या. "ते बघा, कपडे धुवायची शेड. आणि ती गच्ची. पोरी तिथे चोरून केस वाळवायच्या, मला कळत नाही असं समजून." एवढं सलग बोलताना बाईंनी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "अजून एक फेरी मारता येईल?" असं त्यांनी विचारलं आणि बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी एक फेरी मारली, मग आणखी एक मारली, आणि वर नदीच्या वळणापर्यंत नेऊन आणलं.

परतीच्या वाटेवर इंजिन एकदा खोकलं. पुन्हा खोकलं. मग एकदम शांतता झाली, आणि फक्त वाऱ्याचा आवाज राहिला.

"बंद केलंत का?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "बरं केलंत. कान किटले होते."

"मी नाही बंद केलं," बाई म्हणाल्या.



"आपण आता खाली उतरतोय," बाई म्हणाल्या. "पट्टा घट्ट ओढा. चष्मा काढून खिशात ठेवा."

मोठ्या सिस्टरांनी एक शब्द न बोलता चष्मा काढला. संकटात प्रश्न विचारायचे नसतात, हे त्यांना आयुष्याने शिकवलं होतं. बाईंचे हात तोवर आपापल्या कामाला लागले होते. विमानाचं नाक खाली केलं, वेग धरला, दुसऱ्या टाकीचा नळ फिरवला, सगळी बटणं एकदा चालू-बंद करून बघितली. इंजिन ढिम्म. रेडिओवर जागा सांगितली. धावपट्टी लांब होती. अलीकडे रस्ता होता, पण त्यावर विजेच्या तारा होत्या. तारांच्या पलीकडे एक लांबट हिरवं शेत होतं, आणि त्यातल्या ओळी नेमक्या वाऱ्याच्या दिशेने गेलेल्या. बाईंनी ते धरलं.

"दार थोडं उघडून ठेवा, मग अडकत नाही. हं, तसंच. आता हात मांडीवर."

चाकं ओळीतच टेकली. कोबीचे गड्डे दोन्ही बाजूंनी उडायला लागले. वेग निम्म्याहून कमी झाला होता आणि आता निभावलं असं म्हणणार, तेवढ्यात पाण्याचा चर आडवा आला. पुढचं चाक त्यात गेलं, शेपटी वर उठली, क्षणभर तशीच राहिली आणि धाडकन खाली आपटली. डावा पंख मोडून मातीत टेकला.

"माझं हासळीचं हाड मोडलंय," मोठ्या सिस्टरांचा आवाज आला. "तुमच्या ओठातून रक्त येतंय. पाय हलवून दाखवा. दोन्ही. ठीक आहे. आता बाहेर."

बाहेर येऊन बाई विमानापासून लांब जायच्या ऐवजी मोडक्या पंखापाशीच उभ्या राहिल्या. पंख वाकला होता, टाकीला हातभर चीर गेली होती, आणि चिरेतून एक थेंब गळत नव्हता. कशाचा वास नव्हता. ओल्या मातीचा होता, फुटलेल्या कोबीचा होता, इंधनाचा नव्हता. बाईंना जे कळायचं ते तिथेच कळलं.

त्यांनी दाराच्या कप्प्यातून पिवळं फडकं काढलं आणि मोठ्या सिस्टर सांगतील तशी त्याची त्रिकोणी घडी घालून त्यांचा हात गळ्यात बांधला.

शेतमालक ट्रॅक्टर तसाच सोडून धावत आला. "आत आणखी कुणी आहे?"

"नाही," बाई म्हणाल्या.

त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने पिकाकडे नजर टाकली. "उद्या काढायचा होता कोबी."

"आजच सुरुवात झाली समजा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्री क्लबच्या गाडीने पोचला. त्याने आधी दोघींकडे बघून घेतलं, मग काठी घेऊन उजव्या, न फुटलेल्या टाकीत सोडली आणि वर काढून दोन्ही बाजूंनी बघितली.

"कोरडी आहे," तो म्हणाला. मग हळूच, "फडकं होतं का, बाई?"

"होतं."

"आणि काठी?"

बाईंनी मानेनेच नाही म्हटलं. मिस्त्रीने काठी आपल्याच बाहीला पुसली आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चष्मेवाले दोघींची वाट बघत उभे होते. बाईंच्या ओठाला टाके पडले होते. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून ते म्हणाले, "निदान काच तरी साफ होती ना? शेत नीट दिसलं असेल. सकाळी मी सगळ्या पुसल्या होत्या. तुमचं ते फडकंसुद्धा धुऊन जागेवर वाळत घातलं होतं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"काय झालं? चुकीच्या जागी घातलं का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "जागा बरोबर होती."

पण लपवण्यासारखं हे नव्हतंच. संध्याकाळपर्यंत सगळ्या क्लबाला माहीत झालं. चष्मेवाल्यांनी जेवण टाकलं. ते दुकानात जात, पण गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा काढून पुसायचे थांबले. डाग दिसला की नजर दुसरीकडे वळवत.

दोन दिवसांनी क्लबचे सेक्रेटरी घरी आले. तेही कधीकाळी बाईंच्या हाताखालचेच. सोफ्याच्या कडेवर बसून त्यांनी सांगितलं, की विमान खात्याचे साहेब येणार आहेत, क्लबात सगळ्यांसमोर विचारतील, आणि बाईंनी पुढे शिकवायचं की नाही ते त्यावरच ठरेल.

"पण काळजीचं कारण नाही, बाई. सरळ सांगायचं. बाहेरच्या माणसाने विमानाला हात लावला. खूण चुकली. तुम्हाला वाटलं टाक्या भरल्यात. यात खोटं काय आहे? पुढच्या आठवड्यात तुम्ही परत शिकवायला."

"खोटं काहीच नाही," बाई म्हणाल्या.

"माझंच नाव सांग," चष्मेवाले आतून म्हणाले. "चष्मे विकणाऱ्या माणसाचं काय जाणार आहे? कुणी माझी नजर तपासायला येणार नाही. तुझं शिकवणं गेलं तर तू घरात बसून माझा जीव खाशील."

सेक्रेटरी हसले, बाईही हसल्या. पण ते गेल्यावर बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बराच वेळ उभ्या होत्या. शिकवण्याखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणजे येत होतं पण करावंसं वाटत नव्हतं. आणि ते टिकवायचं तर सगळ्यांसमोर म्हणायचं काय, तर 'मला वाटलं'. ज्या शब्दासाठी त्यांनी माणसं भर उन्हात खाली उतरवली, तोच शब्द. त्यातून वर नवऱ्याच्या माथ्यावर जन्माचं खापर.

दुसऱ्या दिवशी त्या लेकीकडे गेल्या. मोठ्या सिस्टर खिडकीपाशी आरामखुर्चीत होत्या, हात गळ्यात. पट्टी आता हॉस्पिटलची होती. लेकीने चहा ठेवला आणि 'मी आहे आत' म्हणून शहाण्यासारखी सटकली.

"दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"हाड आहे, दुखणारच." मग त्या म्हणाल्या, "एक विचारू? सूनबाईने मला तुमच्या शिकवण्याचा व्हिडिओ दाखवला होता मागे. त्यात तुम्ही शिडीवर चढून काठी घालताना दिसलात. त्या दिवशी नाही घातलीत."

"नाही."

"का?"

बाईंनी कप खाली ठेवला. "तुमचा हात दाराच्या कडीवर होता. मी शिडी आणायला गेले असते तर तुम्ही उतरला असतात. मला ते नको होतं."

मोठ्या सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. "उतरलेच असते," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा कधी आले नसते. म्हणजे माझ्या भिडेपायी झालं म्हणायचं."

"तुमच्या नाही. माझ्या."

"हं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे इंजेक्शन भरण्याआधी बाटली स्वतः वाचायची असते. बाटली कुणीही दिली तरी. ज्या बाईने दिली ती कितीही भरवशाची असली तरी. न वाचता टोचली, तर देणारीला कुणी विचारत नाही, टोचणारीला विचारतात." मग बाईंकडे वळून, "मला बोलावलंय त्या साहेबांनी. मी जे बघितलं ते सांगणार. तुमची बाजू घेऊन काही सांगणार नाही, आणि विरुद्धही नाही. चालेल?"

"तसंच पाहिजे," बाई म्हणाल्या.

"चहा गार होतोय. तुमच्या लेकीने साखर कमी घातलीय, पण सांगू नका तिला. आत्ताशी कुठे शिकतेय." लग्नाला किती वर्षं झाली होती ते बाईंनी बोलून दाखवलं नाही.

क्लबच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो होते. आदल्या संध्याकाळी विमान उडवलेली ती दोन पोरं मागच्या रांगेत अंग चोरून बसली होती. चष्मेवाले दाराशी, कुणाला दिसू नये अशा बेताने उभे होते आणि त्यामुळेच सगळ्यांना दिसत होते.

साहेबांनी आधी फडक्याची सगळी हकीकत ऐकली. मग बाईंना विचारलं, "म्हणजे फडकं पंख्यावर असल्यामुळे टाक्या भरल्या आहेत असा तुमचा समज झाला. बरोबर?"

सेक्रेटरींनी बाईंकडे बघून हळूच मान डोलावली.

"समज झाला हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण विमान पडलं ते त्यामुळे नाही. या पोरांनी फडकं बरोबर ठेवलं होतं. माझ्या यजमानांना ती खूण कुणी सांगितलीच नव्हती. काच मळली होती, त्यांनी पुसली. फडकं चुकू शकतं, म्हणूनच काठी ठेवलेली आहे. काठी मी घातली नाही. शिडी भिंतीला होती, मी बघितली, आणि गेले नाही."

"कारण?"

"पाहुणीचं मन बदलेल म्हणून घाई केली."

साहेबांनी मोठ्या सिस्टरांकडे बघितलं.

"घाई मी केली होती," त्या म्हणाल्या. "पण विमान त्या चालवत होत्या. आणि इंजिन बंद झाल्यावर त्यांनी जे केलं, तेही त्यांनीच केलं. दोन्ही लिहून घ्या. मी बसलेली होते तिथे, आणि आज इथे बसलेय."

बाईंचं शिकवणं थांबलं. बाहेरून परीक्षक येणार, तो त्यांना नवशिक्यासारखं तपासणार, आणि तो हो म्हणेपर्यंत त्यांनी एकटीने विमानाला हात लावायचा नाही. साहेब हे सांगत असताना बाई खाली बघत नव्हत्या. मागच्या रांगेतली पोरं मात्र खाली बघत होती.

तो काळ बाईंनी चष्म्याच्या दुकानात काढला. गिऱ्हाईक म्हणे, "या नंबरने नीट दिसतंय असं वाटतं," आणि काउंटरमागून बाई म्हणत, "वाटतं म्हणजे? ती खालची ओळ वाचून दाखवा." दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली. चष्मेवाल्यांच्या नाकी नऊ आले. पण एक दिवस त्यांनी बोलता बोलता एका म्हाताऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढून पुसला, आणि बाईंना बरं वाटलं.

परीक्षक आला तो वयाने बाईंच्या निम्मा, मिशीसुद्धा नुकतीच ठेवलेली. त्याने चाकांना हात लावून विचारलं, "हवा?" बाई म्हणाल्या, "बघितलीय." त्याने काठी मागितली, बाईंनी शिडीवर चढून दोन्ही टाक्यांत घालून दाखवली. वर नेऊन त्याने इंजिन बंद केल्यासारखं केलं आणि "आता उतरवा" म्हणाला. बाईंनी उतरवून दाखवलं. खाली आल्यावर तो म्हणाला, "उशांच्या खोळी छान आहेत," आणि सही केली.

तोवर मिस्त्रीने जुन्या विमानाला नवा पंख बसवला होता. काटे मात्र तसेच होते. "पाहुणे जुनेच ठेवलेत," तो म्हणाला. "त्यांना हाकलणं माझ्याच्याने होत नाही."

शिकवणं सुरू व्हायच्या आदल्या दिवशी क्लबच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि मोठ्या सिस्टर उतरल्या. दोन्ही हात मोकळे. त्यांच्यामागून चष्मेवाले उतरले आणि विमानापासून चांगले लांब, हात पाठीमागे घट्ट बांधून उभे राहिले.

"माझी अर्धी फेरी राहिली आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "जाताना बघितलं हॉस्पिटल. येताना बघायचं होतं."

त्यांनी पिशवीतून पिवळं फडकं काढलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, चौकोनी घडी घातलेलं. "हे तुमचं. रक्ताचा डाग निघाला. कुठे वाळत घालू ते मात्र विचारणार नाही."

लांबून चष्मेवाले खोकले.

बाईंनी शिडी आणली. या खेपेला मोठ्या सिस्टर आत जाऊन बसल्या नाहीत. शिडीचा पाय धरून खाली उभ्या राहिल्या. बाईंनी डावीकडे काठी घातली, काढली आणि खाली त्यांच्या हातात दिली. मोठ्या सिस्टरांनी चष्मा वर सारला, थर्मामीटर बघावा तशी काठी उजेडाकडे तिरपी धरली आणि ओल कुठवर आलीय ते बघितलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

"भरलेल्या आहेत," त्या म्हणाल्या.

"वाटतंय की बघितलंत?"

"विहीणबाई, मी हेडनर्स होते," त्या म्हणाल्या आणि शिडी उचलून स्वतःच भिंतीला लावून आल्या. मग विमानात चढल्या, पट्टा ओढला आणि हात मांडीवर ठेवले.